गोड्या पाण्याचा काठ

"बाई, एक शब्द द्या."

आमच्या आणि तिच्या घराच्या मधल्या बुटक्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून ती असं म्हणायची. शेजारी साखर मागतात, विरजण मागतात. ही शब्द मागायची. मी जन्मभर वर्ध्याच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे माझ्या घरात शब्द डब्यांत भरून ठेवलेले असणार अशी तिची खात्री होती. मी कणीक मळत असो की वाळवणाची राखण करत असो, तिला शब्द तेव्हाच हवा असायचा.

पहिला शब्द तिनं मागितला तो जमिनीत जिरणाऱ्या पावसासाठी. मी भारदस्त असा 'पुनर्भरण' सांगितला. तिनं तोंड वाकडं केलं.

"हा तर ऑफिसात आहेच, बाई. माह्या आईले समजन असा द्या."

मग मी म्हटलं, मुरवण. तो शब्द तिनं तोंडात घोळवला, मान हलवली आणि निघून गेली. आभार मानायची तिला सवय नव्हती. संध्याकाळी भिंतीवर पाटवड्यांची ताटली दिसली की समजायचं, शब्द उपयोगी पडला.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, जे दिवसभर काहीतरी करत असतं आणि काय करतं ते कुणालाच नीट ठाऊक नसतं. बोरगावात आमच्या ओळीत ती तशी होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिचा संगणक चालू असायचा. घरात माणसं दोनच, ती आणि अंथरुणाला खिळलेली आई. पण इन्व्हर्टर मात्र ओळीत सगळ्यांत मोठा. त्यामुळे ती शेअर बाजार करते असं ठरून गेलं होतं. समोरच्या निवृत्त पोस्टमनकाकांनी एकदा तिला गाठून कोणता शेअर घ्यावा असं विचारलंदेखील. मले फक्त जमिनीखालच्या पाण्याचं कळते काका, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. काका बरेच दिवस पाण्याची कंपनी शोधत होते.

ती मूळची गिरडच्या बाजूची. तिथल्या दर्ग्याच्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. फकिरानं एका व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी तिथली गोष्ट. लहानपणी ती ते दगड फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायची आणि फोडून आत खरंच जायफळ आहे का ते बघायची. घरी त्यासाठी मारही खाल्ला. पुढे नागपूरला भूगर्भशास्त्र शिकली, तेव्हा ते दगड कसे झाले हे तिला कळलं. पण गावाकडची गोष्ट तिनं कधी खोडून काढली नाही. गोष्ट गोष्टीच्या जागी राहू द्यावी, दगड दगडाच्या जागी, असं ती म्हणायची.

सरकारी नोकरीत तिनं जिल्हाभर विहिरी मोजल्या. आईला पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडली. पुण्याची एक संस्था तिला घरबसल्या काम देऊ लागली. काम होतं समुद्रकाठच्या गावांचं. जिथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर, अशा आमच्या बोरगावात बसून ती कोकणातल्या एका गावाच्या पोटातलं पाणी कसं सरकतं ते शोधत होती. तोवर तिनं समुद्र पाहिला होता एकदाच, कॉलेजच्या सहलीत.

मला तिचं काम कळलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. तिनं काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी घेतलं, त्यात हळद टाकली. मग चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश साधं पाणी सोडलं. खाली पिवळं, वर नितळ. दोन्हींची सीमा इतकी स्वच्छ की मी चष्मा लावून पाहिलं. किनाऱ्यावर असंच असतं, ती म्हणाली. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगून राहतं. मग तिनं वरच्या पाण्यात नळी धरली आणि ओढायला लागली. खालचं पिवळं पाणी नळीच्या दिशेनं हळूच उंच झालं, जसं कुणी खालून बोट वर करावं. ती थांबली नाही, आणि पिवळी रेघ नळीत शिरली. तिनं तोंड कडू केलं आणि चूळ भरली.

"अशी विहीर बिघडते. दिसत नाई कोणाले."

ते न दिसणारं पाहण्यासाठी तिचं यंत्र होतं. गावाच्या नकाशावर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकटीत किती पाऊस मुरतो, खाली वाळू आहे की जांभा, कोण किती उपसतं, हे भरायचं. मग संगणक एका चौकटीतून दुसरीत पाणी सोडून बघतो आणि उत्तर विहिरींच्या मोजलेल्या पातळीशी जुळतं का ते पडताळायचं. कधी दिवसभर गणित चालायचं. गोडं पाणी निळं, खारं पिवळं. मला ते पाहून अगदी जादू वाटली. तिला ते कौतुक आवडलं नाही.

"हे खरं नाई, बाई. हे खऱ्यासारखं आहे," ती म्हणाली. हे वाक्य ती पुण्याच्या साहेबांनाही ऐकवायची.

त्याच आठवड्यात तिनं आणखी एक शब्द नेला. नकाशा जिथं संपतो, जिथं पलीकडचं पाणी आत येतं किंवा आतलं बाहेर जातं, त्या कडेसाठी. मी सीमा म्हटलं, हद्द म्हटलं. शेवटी काठ ठरला. तिचं म्हणणं असं की मधल्या चौकटी यंत्र सांभाळून घेतं. काठ मात्र माणसानं सांगावा लागतो.

त्या कोकणातल्या गावात किनाऱ्यालगत पर्यटकांसाठी मोठं संकुल होणार होतं. त्यासाठी खोल बोअर घ्यायच्या होत्या. गावाच्या विहिरींना धक्का लागेल का, हा प्रश्न होता, आणि तिच्या अहवालाचं उत्तर होतं, लागणार नाही. समुद्राच्या बाजूनं खारं पाणी येईल पण थोडं, आणि वस्तीपर्यंत पोचणार नाही. अहवाल गेला. सगळे खूश होते. मला ताटलीभर पाटवड्या मिळाल्या, कारण त्यातले निम्मे शब्द माझे होते.

काही दिवसांनी भरदुपारी तिला फोन आला. मी तिच्याकडेच बसले होते, बाहेर उन्हाच्या झळा होत्या आणि कूलरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. त्या गावच्या ग्रामपंचायतीतली एक सदस्य बोलत होती. प्रमिलावहिनी तिचं नाव. तिची नारळाची बाग होती, आणि बागेत विहीर, जिला तिकडे बाव म्हणतात.

"मॅडम, तुमच्या नकाशात माझी बाव गोडी आसा," ती शांतपणे म्हणाली. "मी रोज पाणी काढतंय. ती खारी आसा."

हिनं भांडण केलं नाही. कधीपासून, कोणत्या महिन्यात जास्त, माडांची पानं टोकाला करपतात का, असं विचारत राहिली. फोन ठेवल्यावर आकडे काढून बसली. ती विहीर पहिल्यापासून जुळत नव्हतीच. पुण्याच्या साहेबांनी ती चुकीची नोंद समजून वगळायला सांगितली होती, आणि तिनं वगळली होती. आताही साहेब फोनवर तेच म्हणाले. शंभर विहिरी जुळतात, एकीसाठी काय अडायचं.

"वगळू कुठं, सर?" ती म्हणाली. "मी वगळली तरी ते तिथंच राहणार आहे ना. अन् ते बाई त्याचंच पाणी काढणार."

तिची आई त्याच वर्षी गेली होती, त्यामुळे घरात अडकायचं कारण नव्हतं. ती कोकणात निघाली आणि मला म्हणाली, चला, तिथले शब्द निराळे असतील. मला शब्दांपेक्षा समुद्र पाहायचा होता. सोबत वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे पुडे घेतले आणि गाड्या बदलत बदलत पोचलो.

समुद्र मी पाहिला. तिनं पाहिलाच नाही म्हणा ना. ती किनाऱ्याकडे पाठ करून गावाच्या मागच्या बाजूला गेली, जिथं प्रमिलावहिनींची बाग होती. बागेच्या पलीकडे एक ओहोळ होता. पुढे तो खाडीला मिळतो. कागदावर त्याच्या तोंडाशी बंधारा होता, भरतीचं पाणी वर येऊ नये म्हणून. त्यामुळे तिनं तो काठ गोड्या पाण्याचा धरला होता. आम्ही गेलो तेव्हा भरती चढत होती. बंधारा होता, पण त्याच्या फळ्या कुजून गेल्या होत्या, आणि मधल्या खिंडारातून पाणी उलटं, गावाच्या दिशेनं वाहत येत होतं. आवाज न करता, चांगलं जोरात.

ती चप्पल काढून चिखलात उतरली. ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. मग तशीच उभी राहिली. मला वाटलं पाय रुतला. मी काठावरून हाक मारली तेव्हा तिनं मागे पाहिलं.

"बाई, माहा काठ चुकला."

समुद्र समोरून येईल म्हणून ती समोर बघत होती, आणि तो मागल्या दारानं कधीच आत आला होता. प्रमिलावहिनींना पाणी खारं झालेलं कळत होतं, पण कशानं ते त्यांनाही उमगलं नव्हतं. त्यांना वाटायचं, विहिरीलाच काही झालं. हिनं त्यांना तिथंच चिखलात उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं. हातानं भरती दाखवली, जमिनीखालची वाट दाखवली. वहिनी ऐकताना आपल्या माडांकडे बघत होत्या.

बोरगावला परतल्यावर तिनं काठ बदलून सगळं पुन्हा चालवलं. सगळ्या विहिरी जुळल्या, वहिनींचीही. आणि उत्तर उलटलं. बोअर घेतल्या तर मागचं खारं पाणी गावाखालून ओढलं जाणार, आणि एकेक करून विहिरी जाणार. पुण्याहून सांगण्यात आलं की अहवाल सादर झालाय, आता पुढच्या कामात एखादी टीप घालू. तिनं ते ऐकून घेतलं आणि आपल्या सहीनं, आपला अहवाल चुकला आहे असं ग्रामपंचायतीला कळवून टाकलं. त्यानंतर त्या संस्थेचं काम तिच्याकडे आलं नाही. ह्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. मीच कुरकुरायची, तेव्हा ती विषय बदलून नवा शब्द मागायची.

त्या गावाच्या ग्रामसभेला आम्ही पुन्हा गेलो. ती उभी राहिली आणि आपल्या बोलीतच बोलू लागली. तुमची जमीन खारट होऊन राह्यली, असं म्हणताच मागच्या बाकावर हशा पिकला. एका आजोबांनी मला विचारलं, ही भाषा खयची? मी म्हटलं, मराठीच, जरा लांबची. मग मी मधे मधे सांगत गेले आणि सभा ऐकू लागली. पहिला अहवाल चुकला, तो माझाच होता, हे तिनं पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकलं.

संकुलाच्या बाजूनं आलेले गृहस्थ सुशिक्षित, मृदू बोलणारे होते. त्यांनी विचारलं ते चुकीचंही नव्हतं. हाच संगणक काल एक म्हणत होता, आज दुसरं म्हणतो; मग गावानं कशावर विश्वास ठेवायचा?

"माह्यावर ठेवू नका," ती म्हणाली. "मी आज एक सांगतो, ते तपासा. तुमच्या शाळेची विहीर आज गोड आहे. बोअर नाई घेतली तरी येत्या वैशाखात ते खारट लागन. नाई लागली तर माहं सगळं फेकून द्या."

 शाळेची विहीर गावातली सगळ्यांत गोडी. सणाला लोक तिचंच पाणी नेत. सरपंचांनी बोअरचा निर्णय वैशाखापर्यंत लांबवला.

परतीच्या गाडीत मी डबा उघडला तर ती जेवली नाही.  उशिरानं म्हणाली की असं जाहीर बोलायला नको होतं. आता त्या विहिरीचं वाईट व्हावं अशी वाट बघणं आलं.

त्या उन्हाळ्यात मी तिला रोज पाहत होते. ती त्या गावचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायची, आणि चूक सापडावी म्हणून तपासायची. सगळी माणसं आपलं बरोबर निघावं म्हणून धडपडतात. ही उलटी धडपडत होती. एके सकाळी ती भिंतीशी आली, कोपरं टेकली, पण शब्द मागितला नाही. शाळेची विहीर मचूळ लागायला लागली होती. मुलांसाठी वरच्या वाडीतून पाणी आणत होते.

मी बोलून गेले की म्हणजे तुझं खरं निघालं.

"चुकली असती तं बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला ती माझ्या कुंड्यांना पाणी घालायला लागली.

बोअर झाल्या नाहीत. संकुलवाल्यांनी दूर वरच्या अंगाला जागा घेतली. गावानं बंधाऱ्याच्या मागे लागून तो दुरुस्त करून घेतला. नव्या फळ्या बसल्या, भरती बाहेर थांबली. पण मुरलेलं मीठ एका पावसात धुऊन जात नाही. किती वर्षं लागतील, हे तिनं कुणी न सांगता, कुणी काम न देता शोधायला घेतलं. मधल्या काळात ती आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडच्या गावांच्या विहिरींचं काम करून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात ते कोकणातलं गाव चालवायची. मला वर नेऊन बसवायची. नकाशावरची नावं मराठीत घालायचं काम माझं. एक बटण दाबलं की वर्ष पुढे सरकायचं आणि चौकटींचे रंग बदलायचे. बटण दाबायलाही तिनंच शिकवलं. मी भीतभीत दाबायची, तेव्हा ती हसायची. काही बुडत नाही बाई, दाबा.

मग तिला आजार झाला. वर्ध्याहून नागपूरला ने-आण सुरू झाली. केस गेले तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि पोस्टमनकाकांना सांगितलं की शेअर बाजारात बुडाली. काकांना ते बरेच दिवस खरं वाटलं. शेवटच्या महिन्यांत जिना चढवेना, तरी खोली झाडून घ्यायला सांगायची. ती गेली तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. गिरडकडे राहणाऱ्या भावानं तिला गावी नेलं. दर्ग्याची टेकडी दिसते अशा जागी सगळं झालं. घराची किल्ली माझ्याकडे राहिली.

पावसाळा संपला आणि एक दिवस रिक्षातून प्रमिलावहिनी उतरल्या. बातमी त्यांना फार उशिरा कळली होती. दोन गाड्या बदलून, एकट्या आल्या होत्या. मी पाणी दिलं, चहा दिला. 

"शाळेची बाव गोडी झाली," त्या म्हणाल्या. "ह्या तिका सांगूचा रवला."

तिला सांगायचं राहून गेलेलं ते ह्याच पावसात झालं होतं. पुन्हा पोरं तिथंच पाणी पितात, चवथीला लोकांनी तिथून कळशा नेल्या. सांगताना त्या पदरानं चहाची कपबशीच पुसत होत्या. ती बसायची ती जागा दाखवाल का, असं त्यांनी विचारलं.

मी त्यांना वर नेलं. संगणक चालू केला. मला वाटलं नव्हतं की जमेल, पण नकाशा उघडला. वहिनी पडद्याजवळ वाकल्या. शाळा, देऊळ, ओहोळ, त्यांची बाग, सगळी नावं मराठीत होती. आपली बाग त्यांनी बोटानं धरून ठेवली. मी बटण दाबलं. ग्रामसभेचं वर्ष: शाळेची चौकट निळी. पुढचं: पिवळी. बंधाऱ्याचं वर्ष: पिवळीच. मी दाबत गेले. पिवळा रंग कडेनं विरत गेला, ओहोळाकडे मागे सरला. चालू वर्ष आलं आणि शाळेची चौकट निळी झाली.

वहिनी सरळ उभ्या राहिल्या. तिनं हे कधी केलेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजारी पडायच्या आधी.

"म्हणजे तिका म्हायत होता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. तिची खुर्ची रिकामीच ठेवली. मी पहिल्या वर्षावर परत आले, आणि आम्ही दोघी ते गाव पुन्हा सुरुवातीपासून पाहत बसलो.